आवाज बंद केला, तेव्हा वर्ग बोलू लागला

तिसरीच्या वर्गाला गोदावरीचा ११ मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. पोरं एकदम चिडीचूप. मनात म्हटलं, जमलं! नंतर विचारलं, गोदावरी उगम कुठे पावते? मागून आवाज आला, "बाई, ती बिस्किटाची जाहिरात परत लावा ना."

आता जमेल तिथे दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचाच व्हिडिओ घरून उतरवून नेते. जाहिरात नाही, शाळेच्या नेटची मनधरणी नाही. दाखवायचा फक्त दोन मिनिटं, तोही आवाज बंद करून. (निवेदकाचं पुस्तकी मराठी मलाच झोप आणतं.)

गोदावरीच्या उगमाचा डोंगर, ब्रह्मगिरी, दिसला की थांबवते. "पाणी आता कुठे जाईल?" एकेक जण फळ्यावर खडूने रेघ पुढे नेतो. नाशिकचं रामकुंड आलं तशी एक मुलगी उभीच राहिली, "आमची भाजीची गाडी इथंच असते!"

परवा एकाने अडवलं, "समुद्र मुंबईला जवळ आहे. मग नदी १४६५ किलोमीटर उलटी कशाला जाते?" व्हिडिओ तसाच राहिला. डब्याचं झाकण तिरकं धरलं, वरच्या काठाला सह्याद्री म्हटलं आणि बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी पूर्वेला गेलं, थोडं माझ्या साडीवर.