आधी बिलावरचं नाव, मग छतावरचं सोलर

आमच्या कराडच्या घराचं वीजबिल माझ्या सासऱ्यांच्या नावावर यायचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण बिल वेळेवर भरलं जायचं, म्हणून नाव बदलायचं कुणी मनावरच घेतलं नाही. छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज भरायला बसले आणि तेच नाव आडवं आलं. अनुदान थेट बँक खात्यात येतं, त्यामुळे बिलावरचं आणि खात्यावरचं नाव जुळायला हवं. तेव्हा सोलरचा विचार आला की पहिल्यांदा बिल हातात घ्या आणि नाव वाचा. आम्ही मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि दोन्ही दिरांची संमती जोडून नाव बदलून घेतलं. महिना गेला, पण पुढे कुठे अडलं नाही.

आता पैशांचं. केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये देतं, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००, आणि ५ बसवले तरी तेवढेच. म्हणून कुणी मोठं बसवा म्हणालं तरी आधी वर्षभराची बिलं काढून युनिट बघा. एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट धरा. पावसाळ्यात बरीच कमी. आमचा वापर महिन्याला अडीचशेच्या आत, म्हणून आम्ही २ किलोवॅटवर थांबलो. पॅनेल मात्र डीसीआर, म्हणजे आतल्या सेलसकट भारतात बनलेलेच हवेत. दुसरे बसवले तर अनुदान मिळत नाही.

जागेच्या बाबतीत घाई करू नका. आमच्या ठेकेदाराने पाण्याच्या टाकीशेजारची जागा दाखवली, वायर कमी लागेल म्हणून. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, खडू घरात असतोच. डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीन वाजता टाकीच्या सावलीची कड गच्चीवर खडूने आखली. साडेतीनची रेघ थेट त्याच्या जागेच्या मधोमध गेली. एका पॅनेलवर सावली पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात, म्हणून याच दिवसांत रेघा आखा. पॅनेलचं तोंड दक्षिणेकडेच हवं.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लागतो. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही. पुरवठादार पोर्टलवर नोंदणी केलेलाच निवडा. काम झालं की नेट मीटर, तपासणी आणि शेवटी बँकेचा तपशील. हातात एकदम रक्कम नसेल तर ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता कर्ज देणाऱ्या बँका आहेत. आणि नेट मीटर बसेपर्यंत ठेकेदाराला सगळे पैसे देऊ नका. शेवटचा हप्ता हातात होता म्हणूनच आमचं राहिलेलं अर्थिंग त्याने पुन्हा येऊन केलं.

नेट मीटरवर दोन रीडिंग असतात, घेतलेली वीज आणि दिलेली वीज. दुपारी गेलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात, उरले तर पुढच्या महिन्यात जातात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, म्हणून शून्य बिलाच्या आशेवर बसू नका.

लाईट गेली की साधं सोलरही बंद पडतं. पहिल्यांदा भर दुपारी असं झालं तेव्हा मी घाबरून ठेकेदाराला फोन लावला. बिघाड नव्हता. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. रात्रीची सोय हवी असेल तर बॅटरी वेगळी लागते, आणि बॅटरीलाही अनुदान मिळेल असं धरून चालू नका.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम, म्हणजे सौर विजेवर चालणारं गाव झाली, आपल्याच सातारा जिल्ह्यातली. इतकी घरं एकदम करू शकतात, तर एकट्या घराला काहीच अडचण नाही.

पॅनेल पंधरा दिवसांनी धुवायचे, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.