बाँडवर सही करण्याआधी सर्टिफिकेट कोणाचं ते विचारा

मी लातूरकडचा. मेकॅनिकल डिप्लोमा करून वाळूज एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेला धातू दाबून भाग घडवायच्या कारखान्यात क्वालिटीला लागलो. बजाजनगरात तिघांत एक खोली. वर्षभरानं साहेब म्हणाले, "तुझं अल्ट्रासॉनिकचं लेव्हल टू करून घेऊ, खर्च कंपनीचा." म्हणजे ध्वनिलहरी सोडून धातूच्या आतले दोष शोधायच्या तपासणीची दुसरी पायरी. खर्च कंपनीचा, एवढंच कानात राहिलं. त्याच संध्याकाळी शंभराच्या बाँड पेपरवर सही ठोकली. परीक्षा झाल्यापासून दोन वर्षं नोकरी, नाहीतर दीड लाख भरायचे. (ऑक्टोबर २०२४पासून तो पेपर पाचशेचा झालाय, मजकूर बहुतेक तोच असतो.) शेजारच्या टेबलावरचे दादा म्हणाले, "सही करायलास, वाचलास का?" मी हसून विषय टाळला.

कोर्स मात्र मनापासून आवडला. लेव्हल वनचे ४० तास, टूचे आणखी ४०. जेल लावून प्रोब फोर्जिंगवर सरकवायचा. स्क्रीनवर मागच्या पृष्ठभागाचा इको ठरल्या जागी उभा राहतो. त्याच्या अलीकडं मध्येच एक बारकं शिखर उठलं, म्हणजे आत दोष असण्याची शक्यता, की हात आपोआप थांबतो. जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल अशा तीन परीक्षा, तिन्हीत किमान ७० टक्के आणि सरासरी ८०. पास झालो त्या दिवशी गावाकडं पहिला फोन केला.

चौदा महिन्यांनी चाकणला बरा पगार मिळत होता. तिथल्या इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट पुढं केलं, तर समोरचे म्हणाले, "हे तुमच्या कंपनीनं दिलंय. आमच्याकडं पुन्हा परीक्षा द्यावी लागेल." माझं सर्टिफिकेट ज्या एसएनटी-टीसी-१ए नावाच्या अमेरिकन पद्धतीचं होतं, त्या पद्धतीत सर्टिफिकेट मालकच देतो आणि नोकरी सुटली की ते संपतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, ते वेगळंच. आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाचं सर्टिफिकेट त्रयस्थ संस्था देते, ते आपल्या नावावर राहतं आणि पाच वर्षं चालतं. म्हणजे जे माझ्यासोबत येणारच नव्हतं, त्यासाठी मी दीड लाखाचा बाँड लिहून दिला होता. प्रशिक्षणाचे तास आणि अनुभव तेवढे कामी आले.

राजीनामा दिल्यावर एचआरनं पूर्ण दीड लाख मागितले, वर १८ टक्के जीएसटी. पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. मग ओळखीच्या वकिलांनी समजावलं. १८७२च्या करार कायद्यातलं कलम ७४ असं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून मी मेल टाकला : माझ्यावर झालेल्या खर्चाचा तपशील द्या. फी, ट्रेनरचा वाटा, राहणं, सगळं मिळून ४१ हजार निघाले. २४ महिन्यांपैकी १० उरले होते, त्या हिशोबानं १७ हजारांवर मिटलं. जीएसटीसाठी सरकारचं ३ ऑगस्ट २०२२चं सर्क्युलर दाखवलं. मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्यानं भरलेल्या बाँडच्या रकमेवर तो लागत नाही. पीएफ अडकवून ठेवू असंही कुणीतरी बोललं होतं. त्या पैशाला कंपनीला हात लावता येत नाही.

चहाच्या टपरीवर "बाँडला कोर्टात काडीची किंमत नसते" असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांच्या नादाला लागू नका. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. करार कायद्यातलं कलम २७ आड येतं ते नोकरी सोडल्यावर दुसरीकडं काम करायचं नाही अशा अटीच्या. ठरल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरा, ही अट त्यात बसत नाही. आणि तसंही, कंपनीनं खरोखर खर्च केला असेल तर तो बुडवून पळणं मला पटत नाही. माझं भांडण ४१ हजार आणि दीड लाख यांतल्या फरकाशी होतं.

बाँडसोबत मूळ मार्कशीट मागितली, तर ती मात्र कुणाच्या कपाटात ठेवू नका. झेरॉक्स द्या.

चाकणला गेल्यावर सहा महिन्यांत पुन्हा तोच प्रस्ताव आला, या वेळी आयएसओ ९७१२चा. मी एचआरच्या मॅडमना तीन गोष्टी विचारल्या : सर्टिफिकेट माझ्याच नावावर राहणार का, रक्कम खऱ्या बिलाएवढीच का, आणि दर महिन्याला ती कमी होणार का. पहिल्या दोन्हींना हो म्हणाल्या. तिसऱ्यासाठी करारात एक ओळ वाढवावी लागली. ती ओळ टाइप होऊन यायला दोन दिवस गेले, मी थांबलो, मग सही केली.