नवं शहर वसवताना या चुका टाळा

वाशीचा खाडीपूल १९७३ साली सुरू झाला. लोकल तिथे पोचली १९९२ साली. नव्या मुंबईची कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता व अभियंते शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर मांडली होती, आणि हे शहर उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ १९७० साली स्थापन झालं होतं. म्हणजे शहरानं रेल्वेसाठी बावीस वर्षं वाट पाहिली. आराखडा चांगला असूनही नवी शहरं अडखळतात ती बहुधा अशीच. कामं होतात, पण मागची पुढे आणि पुढची मागे. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. उदाहरणं मुख्यतः नव्या मुंबईची आहेत, कारण ३४४ चौरस किलोमीटर आणि ९५ गावं एवढ्या पसाऱ्यात यातलं जवळजवळ सगळं पाहायला मिळतं.

रस्ते आधी आखले, पाण्याची वाट नंतर शोधली

सेक्टर आखण्यापूर्वी उंचीच्या दर अर्ध्या मीटरला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढलेला नकाशा हातात हवा. त्यावर प्रत्येक नाला, ओहोळ, जुनी खाजणं आणि त्यांचे बांध दाखवा. खाडीकाठी असाल तर उधाणाच्या भरतीची पातळी जाड रेषेनं काढा. जो भाग त्या रेषेखाली येतो, तिथलं पावसाचं पाणी भरतीच्या वेळी आपसूक बाहेर जाणार नाही. त्याला थांबायला जागा द्यावीच लागते.

नव्या मुंबईत ही जागा म्हणजे धारण तलाव, रोजच्या बोलण्यात होल्डिंग पाँड. तलावाच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप असते. भरतीत खाडीच्या दाबानं ती मिटते, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की झडप उघडून ते निघून जातं. व्यवस्था साधी आहे, पण हिशेब चुकला की ती माफ करत नाही. समजा १०० हेक्टरांचं पाणी एका तलावात येतं, पाऊस तासाला ५० मिलिमीटर आहे आणि त्यातलं ८० टक्के पाणी वाहून येतं. झडप तीन तास मिटलेली राहिली तर १ लाख २० हजार घनमीटर पाणी जमेल. त्यासाठी सहा हेक्टरांचा, दोन मीटर वापरता येईल एवढ्या खोलीचा तलाव लागतो. त्यात एक मीटर गाळ साठला की निम्मं पाणी रस्त्यावर येतं, आणि सखल भाग २० हेक्टरांचा असेल तर तिथे पोटरीभर उभं राहतं.

गाळ वेळेवर निघत नाही, त्यावर खारफुटी रुजते, मग तो काढायला किनारा नियमन यंत्रणेची आणि न्यायालयाची परवानगी लागते. दुखणं इथेच चिघळतं. म्हणून नाला तलावाला मिळतो तिथेच गाळाचा खड्डा ठेवा आणि यंत्र उतरेल एवढा उताराचा रस्ता पहिल्याच नकाशात दाखवा. झडपांची बिजागरं आणि रबर मे महिना संपण्याआधी तपासा. पाणी तुंबल्याची तक्रार आली तर आधी भरतीची वेळ पाहा. ओहोटीतही पाणी हटत नसेल तर झडप अडकली आहे किंवा गटार चोंदलं आहे. फक्त भरतीत तुंबत असेल तर तलावाची खोली मोजा.

भराव बसण्याआधी बांधकाम

खाडीच्या मऊ चिकणमातीवर भराव टाकला की मातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन अनेक वर्षं खचत राहते. इमारत पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोलवर रोवलेल्या खांबांवर असते, ती जागची हलत नाही. भोवतालचं अंगण मात्र खाली जातं, आणि दोन्हींच्या मधोमध असलेली मैलावाहिनी जोत्याजवळ तुटते. तक्रार येते ती “तळमजल्याला वास येतो” अशी. नळ कारागिराला बोलावून हे सुटत नाही.

भराव २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांत दाबून घ्या. चिकणमाती जाड असेल तर मातीतलं पाणी वर येऊ देणारे उभे निचरा-पट्टे आणि वरून तात्पुरता जादा भार द्या, आणि जमीन किती खचली ते दाखवणाऱ्या पट्ट्यांवरचं मोजमाप स्थिरावल्याशिवाय पक्की कामं सुरू करू नका. जोत्याशी वाहिनीला वाकणारे सांधे घाला.

मैलाशुद्धीकरण केंद्र पहिल्याच दिवशी पुरं

पन्नास हजार वस्तीला माणशी १३५ लिटर धरले तर रोज ६७.५ लाख लिटर पाणी लागतं आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे ५४ लाख लिटर मैलापाणी होतं. पहिल्या वर्षी राहायला आलेत पाच हजार. केंद्राला त्याच्या क्षमतेचा दहावा हिस्सा मिळतो, जिवाणू उपाशी राहतात आणि बाहेर पडणारं पाणी गढूळच येतं. वाहिन्यांतही तीच गत. पाण्याचा वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला ०.६ मीटर झाला नाही तर मैला तळाशी बसतो, वायू तयार होतो आणि काँक्रीटच्या नळाचा वरचा भाग झिजतो.

केंद्र १८ लाख लिटरच्या तीन भागांत बांधा. वस्ती एका टोकापासून सलग भरत न्या. भूखंड शहरभर विखुरून विकले तर तिजोरी भरते, वाहिन्या कोरड्या राहतात. तोवर वाहिनीच्या वरच्या टोकाला दर आठवड्याला टँकरनं पाणी सोडा.

गावठाण म्हणजे नकाशावरचा पांढरा ठिपका

शेतजमीन संपादित झाली, गावठाण तेवढंच राहिलं, कुटुंबं वाढली. मुलांनी घरं बांधली ती संपादित जमिनीवर, म्हणून अनधिकृत ठरली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या शेतकरी आंदोलनात गोळीबारात पाच जण मारले गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. संपादनाच्या अधिसूचनेआधीच पुढच्या ३० वर्षांच्या कुटुंबांचा हिशेब करून गावठाणाची वाढीव हद्द मोजून घ्या. परत द्यायचे भूखंडही त्याच वेळी नकाशावर दाखवा.

दुसरा घोटाळा पातळीचा. भोवतीचे सेक्टर भरावानं दीड-दोन मीटर वर आले की गाव बशीत बसतं. भराव टाकण्याआधी गावाभोवती चर काढा. त्याचा तळ सगळ्यात खालच्या अंगणाच्या खाली हवा आणि त्याचं पाणी सेक्टरच्या गटारात न मिसळता स्वतंत्र वाटेनं जायला हवं. कोळीवाडा असेल तर होड्या लागण्याची जागा आणि जाळी वाळवायचं मैदान हेही आरक्षणांच्या यादीत लिहा.

डांबर आधी, खोदाई नंतर

सर्वांत खोल काम पहिलं: मैलावाहिनी, मग पावसाचं गटार, मग पाणी, मग तारा. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मैल्यापासून तीन मीटर लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर वरून न्या. पुढे रस्ता खोदावा लागू नये म्हणून प्रत्येक चौकात दोन रिकामे नळ आडवे पुरून ठेवा.

घरं तयार, नोकऱ्या खाडीपलीकडे

घाऊक बाजार मुंबईतून नव्या मुंबईत हलले ते शासनाच्या निर्णयामुळे, व्यापाऱ्यांच्या हौसेनं नव्हे. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटजवळच राहिलं. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. तोवर मार्गालगतचे सेक्टर भरून गेले होते. रेल्वे किंवा मेट्रोची तारीख हातात नसेल तर त्या नोडचे (शहराच्या त्या उपनगराचे) भूखंड विक्रीला काढू नका. काढावेच लागले तर बसचा आगार आणि निदान दर पंधरा मिनिटांची एक बस यांचा खर्च भूखंडाच्या दरात आधीच धरा.