पॅसिफिक युद्धाची जुनी पुस्तकं: आधी नकाशे मोजा, मग पैसे

लष्करी इतिहासाचं जुनं पुस्तक दिसलं की बहुतेकांचा हात मुखपृष्ठाकडे जातो. तो मागच्या पुठ्ठ्याकडे जायला हवा, कारण घडीचे मोठे नकाशे बहुधा तिथेच असतात आणि सगळ्यात आधी तेच गायब होतात. पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटावरची कुठली नदी कुठल्या टेकडीखालून वाहते हे आपल्याला पाठ नसतं. त्यामुळे नकाशा गेलेल्या खंडात तिसऱ्या प्रकरणानंतर नुसती नावं उरतात.

तपासायची रीत सोपी आहे. अनुक्रमणिकेच्या पुढे चित्रांची आणि नकाशांची यादी असते. त्या यादीवर बोट ठेवून एकेक नकाशा उघडून बघा. नुसतं मोजून चालत नाही, कारण अर्धा फाटलेला नकाशाही मोजताना एकच भरतो. पान ब्लेडनं काढलेलं असेल तर शिवणीजवळ दोन-तीन मिलिमीटरची पट्टी उभी राहते, ती नखाला लागते. छायाचित्रांच्या पानांना बरेचदा पृष्ठक्रमांक नसतात, म्हणून चोरी तिथे जास्त होते आणि कळतही नाही. घडीवर फाटलेला नकाशा खुशाल घ्या. जपानी टिश्यू कागदाची बोटभर पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावून तो नीट होतो. सेलोटेप मात्र कधीच लावू नका. काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडतो, तेलासारखा कागदात उतरतो आणि मग पट्टी निघाली तरी डाग निघत नाही.

आता कुठून सुरुवात करायची? कोल्हापुरात बसून जमवायचं असेल तर मलाया आणि ब्रह्मदेशापासून करा, मग समुद्राकडे जा. हा नाइलाजाचा सल्ला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपाननं मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं ते पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडण्याच्या तासाभराहून अधिक आधी. तारीखरेषेमुळे मलायात तेव्हा ८ डिसेंबर १९४१ उजाडला होता आणि हवाईत अजून ७ होती. त्या किनाऱ्यावर खंदकात होते ते १७ डोग्रा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे जवान. म्हणजे या युद्धाची पहिली लढाई भारतीय पलटणीसमोरच पेटली. पुढे मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या संगशाकला छत्रीधारी ब्रिगेडच्या जोडीला मराठा पलटणही लढली. आपल्या भागात घरोघरी फौजी आहेत, त्यामुळे ट्रंकांतून आणि कपाटांतून बाहेर येणारी पुस्तकंही याच बाजूची असतात.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या शब्दसूचीत मराठा पलटणी शोधताना ‘एम’, ‘ए’ नंतर ‘एच’ असलेलं जुनं स्पेलिंग बघा, शेवटी दोन ‘टी’ आणि ‘ए’. आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर उल्लेखच नाही असं वाटून चांगला खंड हातचा जातो.

पाया म्हणून दोन संच धरा. पहिला भारताच्या सशस्त्र दलांचा अधिकृत इतिहास, प्रमुख संपादक बिशेश्वर प्रसाद. हा भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या संयुक्त विभागानं काढला, फाळणीनंतर एकत्र झालेल्या मोजक्या कामांपैकी एक. त्यातले आग्नेय आशियातल्या १९४१-४२ च्या मोहिमा, ब्रह्मदेशातून माघार, आराकान आणि ब्रह्मदेश परत जिंकल्याचे दोन खंड आपल्या कामाचे. दुसरा संच वुडबर्न कर्बी यांचा ‘द वॉर अगेन्स्ट जपान’. ब्रिटिश सरकारी छपाई, पाच खंड, पहिला १९५७ चा आणि शेवटचा १९६९ चा. बारा वर्षांत निघालेला संच एकाच घरात पूर्ण सापडणं दुर्मीळ. खंड सुटे घ्यावे लागतात, आणि तिसरा व चौथा, म्हणजे इंफाळ-कोहिमा आणि ब्रह्मदेश परत घेतला तो काळ, समोर आले तर फार घासाघीस करू नका.

समुद्रावरच्या लढायांसाठी सॅम्युएल एलियट मॉरिसन यांचा अमेरिकन नौदलाचा इतिहास. एकूण १५ खंड, १९४७ ते १९६२. पण पॅसिफिकसाठी सगळे लागत नाहीत: ३ ते ८ आणि १२ ते १४, असे नऊ पुरेत. १५ वा पुरवणी आणि शब्दसूचीचा आहे, स्वस्तात मिळाला तर घ्यावा. याच लेखकाचा ‘द टू-ओशन वॉर’ हा १९६३ चा एकखंडी संक्षेप आहे. विक्रेते तो संचाचा भाग म्हणून गळ्यात मारतात, तो तसा नाही.

अमेरिकन लष्कराचे हिरव्या पुठ्ठ्याचे अधिकृत खंड आणि ऑस्ट्रेलियाचा अधिकृत इतिहास त्या त्या सरकारी संस्थांनी इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. आधी तिथे वाचा आणि परत परत उघडावासा वाटला तोच खंड कागदावर विकत घ्या. टाइम-लाइफची १९७०-८० च्या दशकातली मालिका रद्दीत सगळ्यात जास्त दिसते. फोटो सुरेख, मजकूर पातळ. पहिली दोन-तीन ठीक, सगळी जमवण्यात कपाट अडतं.

पुस्तक जुनं म्हणून खरं, असंही धरू नका. अमेरिका आणि जपानच्या विमानवाहू जहाजांची मिडवेची लढाई, ४ जून १९४२. फुचिदा आणि ओकुमिया या जपानी नौदल अधिकाऱ्यांच्या १९५५ साली इंग्रजीत आलेल्या पुस्तकात जपानी विमानं उड्डाणासाठी डेकवर सज्ज होती आणि पाच मिनिटं मिळाली असती तर चित्र पालटलं असतं, असं चित्र आहे. अनेक वर्षं सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. पार्शल आणि टली या अमेरिकन अभ्यासकांनी २००५ मध्ये जहाजांच्या नोंदी तपासून दाखवलं की हल्ल्याची विमानं अजून खालच्या हँगरमध्येच होती. जपानच्या १०२ खंडी अधिकृत इतिहासात हे आधीच आलं होतं, पण तो जपानीत. म्हणून मिडवेवरचं एक जुनं घेतलं तर शेजारी एक २००५ नंतरचं ठेवाच.

आवृत्ती ओळखायला शीर्षकपानाची पाठ बघा. १९५७ ची पहिली आवृत्ती म्हणून दिलेल्या पुस्तकावर आयएसबीएन छापलेला असेल तर ती पुनर्मुद्रित प्रत आहे, कारण तो क्रमांक साठच्या दशकाच्या अखेरीला आला. १० पासून १ पर्यंत आकड्यांची ओळ असेल तर बहुतेक प्रकाशकांकडे सगळ्यात लहान उरलेला आकडा म्हणजे कितवी छपाई ते. अमेरिकन पुस्तकाच्या जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसेल आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात दाबलेला छोटा ठिपका असेल, तर ती बुक क्लबची प्रत. वाचायला चालते, पहिल्या आवृत्तीचा भाव तिला देऊ नये. सगळ्यात फसवी जात म्हणजे स्कॅनवरून मागणीप्रमाणे छापलेली नवी प्रत. स्कॅन करणारा घडीचा नकाशा उलगडत नाही, त्यामुळे नकाशाच्या जागी त्याचा एक चतकोर तुकडा किंवा कोरं पान येतं. काळी-पांढरी छायाचित्रंही नुसते काळे डाग होतात.

कोल्हापुरात रद्दीवाल्याला पुस्तकाचं नाव सांगून उपयोग नाही. ‘जाड इंग्रजी, आत जहाजं-विमानांची चित्रं किंवा नकाशे, असं काही आलं तर फोडू नका, बाजूला ठेवा’, एवढंच सांगा. पहिल्या दोन-तीन वेळा आलेलं निरुपयोगी असलं तरी किलोच्या भावापेक्षा थोडं वर देऊन घ्या, नाहीतर चौथ्या वेळी तो ठेवणार नाही. दिवाळीआधीची आवराआवर हा खरा हंगाम. परीक्षा संपल्यावर रद्दी वाढते, पण ती पाठ्यपुस्तकांची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावातल्या कॅम्प भागात वर्षातून दोनदा चक्कर मारावी. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरून फ्लोरा फाउंटनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर चालत जाता येतं. कुठल्याही वाचनालयाचा शिक्का असेल आणि पुस्तक रद्द केल्याची नोंद नसेल, तर घेऊ नका. त्या वाचनालयाला कळवा.

ऑनलाइन घेताना चार फोटो मागा: शीर्षकपानाची पाठ, कणा, नकाशांची यादी आणि मागचा नकाशा पूर्ण उघडून. आणि वर्णनातल्या ‘गुड’ला भुलू नका. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात ‘फाइन’ आणि ‘व्हेरी गुड’च्या खालची ती पायरी आहे. मराठीत सांगायचं तर ‘चालतंय की’.

आता पाण्याचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजून वाळलेली पुस्तकं आपल्या भागात अजून फिरतात. बाहेरून ती बरी दिसतात. छायाचित्रांच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर खनिज मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. तो भिजून दाबाखाली वाळला की पानं विटेसारखी एकजीव होतात, सोडवायला गेलं तर चित्रच निघतं. त्याला इलाज नाही. म्हणून चित्रांचा गठ्ठा अंगठ्यानं फरफर सोडून बघा. तळाच्या कडेला आडवी तपकिरी रेघ, लाटांसारखी पानं आणि कुबट वास, यातली दोन लक्षणं असली तर पुस्तक ठेवून द्या.

घरी आणल्यावर नवं पुस्तक थेट कपाटात नको. किडीची भुकटी किंवा भोकं दिसली तर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि किड्याऐवजी बुरशी पदरात पडते. कडक उन्हात वाळवल्यानं कणा तडकतो. कडुनिंबाच्या पाल्याचे डाग पडतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, मागे हवा खेळती, आणि पावसाळ्यात आत छोटा आर्द्रतामापक. ६० टक्क्यांच्या वर गेला की सिलिका जेलच्या पुड्या बदला. जाड खंड उभे ठेवा, पण घट्ट कोंबू नका, कण्याला धरून ओढले की कण्याच्या वरच्या टोकाची टोपी फाटते.

शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीत राहत असाल तर खालच्या दोन फळ्यांवर नकाशाचे खंड ठेवायचेच नाहीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडेल त्याच दिवशी बाकीचेही वर हलवा. ४३ ला धोक्याची पातळी येते आणि तोवर घरात दुसरी धावपळ सुरू झालेली असते.