नळ गोठला? आधी तोटी उघडा

कडाक्याच्या थंडीत सकाळी तोटी फिरवली आणि थेंबही आला नाही, तर ती परत आवळू नका. गावाबाहेरच्या आमच्या घरी येणारे पाहुणे हमखास आवळतात, म्हणून हे आधी सांगते. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पण बर्फ धरतो तिथेच पाइप फुटतो असं नाही. बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जो सांधा कच्चा असेल तो आधी उकलतो. तोटी उघडी असली की दाबाला वाट मिळते.

मग बघायचं गोठलंय कुठे. घरातले सगळेच नळ कोरडे असतील तर अडचण पाणी आत येतं तिथे किंवा पंपापाशी असते. पंप असेल तर तो लगेच बंद करा, उगाच कोरडा फिरून जळेल. एकच नळ रुसला असेल तर बाहेरच्या भिंतीला लागून गेलेला पाइप हाताने चाचपा. आमच्याकडे दर वेळी स्वयंपाकघरातल्या सिंकखालचाच सापडतो. तिथला कपाटाचा दरवाजा रात्रभर बंद असतो, घरातली ऊब आत पोचतच नाही.

टॉर्च घेऊन फुगवटा, तडा दिसतो का ते नीट पाहा. फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही, बर्फानेच बूच मारलेलं असतं. तडा दिसला तर मेन कॉक बंद करा आणि प्लंबरला बोलवा. भिंतीतला पाइप तर दिसतही नाही, म्हणून तो वितळवताना मी घरातल्या कुणाला तरी कॉकपाशी उभं करते. हा कॉक कुठे आहे आणि फिरतो का, हे थंडीच्या आधीच बघून ठेवायचं असतं.

ऊब द्यायची ती तोटीकडून सुरुवात करून मागे मागे सरकत. मधेच तापवलंत तर वितळलेलं पाणी दोन्हीकडून बर्फात अडकतं. हेअर ड्रायर उत्तम, फक्त हात कोरडे हवेत आणि पायाखाली पाणी नको. वीज नसेल तर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा आणि बदलत राहा. वेळ लागतो, लागू द्या. ब्लोटॉर्चला हात लावू नका. आग लागण्याची भीती आहेच, शिवाय आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन पाइप फुटू शकतो. कमोडमध्ये उकळतं पाणी ओतणाऱ्यांना तर मी हात जोडते, भांडं तडकतं. तोटी आधी थुंकते, मग बारीक धार येते. धार आली की काम निम्मं झालं, वाहतं पाणीच उरलेला बर्फ काढतं.

पुढच्या रात्री तोटी बारीक ठिबकत ठेवा, सिंकखालचं कपाट उघडं ठेवा, पाइप भिंतीतून जातो तिथली वाऱ्याची फट बुजवा आणि बागेतल्या नळाची रबरी नळी काढून ठेवा.

घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर यातलं काहीच पुरत नाही, पाणीच काढून टाकावं लागतं. आधी गीझरची वीज बंद, मग मेन कॉक. सगळे नळ उघडा, फ्लशची टाकी रिकामी करा, गीझरचं पाणी सोडा आणि सर्वांत खालच्या कॉकमधून उरलेलं जाऊ द्या. सिंकखालच्या वाकड्या पाइपात आणि कमोडमध्ये तरीही पाणी राहतंच. तिथे प्लंबिंगसाठी मिळणारं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, ओता. गाडीतलं नको, त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे.

परत आल्यावर मेन कॉक हळूहळू उघडा आणि घरभर फिरून सांधे तपासा. गरम पाण्याच्या नळातून हवा निघून सलग धार येईपर्यंत गीझरचं बटण दाबू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.