डबा संपला, तरी अंग का धरत नाही? प्रोटीन घेताना या चुका टाळा

लालबागमध्ये कबड्डी शिकवताना दर दोन महिन्यांनी एखादा पोरगा येतोच. "सर, डबा संपला, वजन तिथंच. ब्रँड बदलू का?" मी उलट विचारतो, "झोपतोस किती वाजता?" उत्तर ठरलेलं: "दीड वाजतो, सर." आणि सराव पहाटे साडेपाचला!

पहिली गफलत इथंच आहे. पावडरनं ग्रोथ हार्मोन वाढतं, ही समजूत काढून टाका. ते मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी थोडं थोडं सोडते आणि त्याची सर्वांत मोठी लाट येते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. मग त्याच्या इशाऱ्यावर यकृत आयजीएफ-१ हे वाढीचं दुसरं हार्मोन तयार करतं. व्यायामानंतरही ग्रोथ हार्मोन उसळतं, पण लवकरच उतरतं. त्या उसळीनं स्नायू फारसे फुगत नाहीत. स्नायू भरतात ते जोर लावून केलेल्या सरावानं, आणि सोबत प्रोटीनमधून पोटात गेलेल्या अमिनो आम्लांनी, विशेषतः त्यातल्या ल्युसिननं. ग्रोथ हार्मोन वाढावं म्हणून व्यायामाआधी आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते पैसे अंड्यांवर घालावेत.

दुसरी चूक मला जास्त छळते. एकाला दिवसभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, संध्याकाळी एकदम तीन स्कूप. रात्री आईनं वाढलेली भाकरी मात्र 'कार्ब आहे' म्हणून ताटातून परत! अरे, पोटच भरलं नाही तर आयजीएफ-१ खाली जातं आणि महागडं प्रोटीन जळणाला जातं.

हिशेब सोपा आहे. खेळाडूला दिवसाला वजनाच्या किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रोटीन पुरतं. बहुतेकांचा फायदा १.६ च्या आसपासच थांबतो. म्हणजे ६० किलोच्या चढाईपटूला साधारण ९६ ग्रॅम. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, इथंच ६६ झाले. उरलेलं वरण, चपात्या आणि बांगडा भरून काढतात. कमी पडलं तरच एक स्कूप. सगळं एका वेळी ढोसू नका, चार वेळांत वाटा. सराव संपताच परळच्या पुलावर शेकर हलवत धावायचीही गरज नाही. घरी जाऊन जेवलात तरी चालतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

सुटी पावडर घेऊच नका. सीलबंद डबा, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक आणि पक्कं बिल बघा. ग्रोथ हार्मोनची सुई वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत कायम बंदीची आहे, आणि डब्यातल्या भेसळीतून बंदीचं औषध अंगात सापडलं तरी जबाबदार खेळाडूच.

पोट फुगत असेल तर 'कॉन्सन्ट्रेट' या दुधापासूनच्या साध्या प्रोटीन पावडरमधलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सोसत नसेल. 'आयसोलेट', म्हणजे लॅक्टोज फारच कमी असलेली पावडर, घेऊन बघा. आणि शेकर लगेच विसळा. रात्रभर बॅगेत राहिलेला शेकर निदान लोकलमध्ये तरी उघडू नका.