सामुदायिक रेडिओवर गावाला बोलतं करताना या चुका टाळा

किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, असं सामुदायिक रेडिओचं, म्हणजे आसपासच्या गावांसाठी चालणाऱ्या छोट्या स्थानिक स्टेशनांचं, सरकारी धोरणच सांगतं. नवख्यांनी त्यावर काढलेली पळवाट म्हणजे स्क्रिप्ट स्वतः लिहायची आणि गावातल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायची. आवाज गावाचा, बोलणं मात्र आपलंच!

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात भातलावणीवर कार्यक्रम होता. चहा पिता पिता मावशी रंगात आल्या होत्या, "औंदा पाऊस लांबला, तरवा (भाताची रोपं) पिवळा पडला. मग काय, भावजीकडनं मुठी-मुठीनं मागून आणला की!" आमच्या उत्साही पोराचा रेकॉर्डर तेव्हा पिशवीत. चहा संपल्यावर त्यानं कागद पुढे केला: "श्रोतेहो, अपुऱ्या पर्जन्यमानामुळे..." 'पर्जन्यमाना'शी मावशी दोनदा अडखळल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तूच वाच की बाळा." त्यानं खरंच वाचलं. तेच प्रसारितही झालं.

मी विचारून रेकॉर्डर आधीच सुरू करतो आणि कपबशीशेजारी ठेवून देतो. चारदोन प्रश्न असतात, पण ते माझ्या खिशात. पहिली दहा मिनिटं वाया जातात. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी रील्स कराव्यात. बोलता बोलता कन्नड शब्द आले तर कापत बसू नका, ऐकणारेही तसंच बोलतात.

दुसरं म्हणजे अंतर. ट्रान्समीटर साधारण १०० वॅटपर्यंतचा, पल्ला फार तर १०-१५ किलोमीटर. तरी बेळगावातल्या स्टेशनसाठी निपाणीपर्यंत जाऊन रेकॉर्डिंग करणारे महाभाग आहेत. ज्यांनी वेळ दिला त्यांना स्वतःचा आवाज रेडिओवर ऐकू येणार नसेल, तर पुढच्या वेळी ते दार तरी कशाला उघडतील?

भातलावणीच्या दिवसांत सकाळी अकराला स्टुडिओत बोलावून वर "प्रतिसाद नाही" असा शेरा मारू नका. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला सगळं गाव येतं, तिथं जा.

सीमाप्रश्नावर चर्चा ठेवू या म्हणणारा एकतरी असतोच. राजकीय कार्यक्रम आणि स्वतः तयार केलेल्या बातम्या, दोन्हींना मनाई आहे. परवान्याशी खेळ नको.

पंचायत अध्यक्षांना पहिला माईक दिलात की बाकीचे फक्त माना डोलावतात. त्यांना शेवटी घ्या.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करा, त्याची घरघर येते. महागडा माईक नंतर घेता येतो.

आणि प्रसारित झालेलं तीन महिने जपून ठेवावं लागतं, तेव्हा फाइलला 'नवीन १', 'नवीन २' अशी नावं देऊ नका. गाव, विषय, तारीख लिहा.